घासून पुसलेला नंबर

इंजिन बसवलेल्या जुन्या सायकलींची पारख करणं हे बाईमाणसाचं काम नाही, असं म्हणणाऱ्यांना पॅडल कुठलं आणि किक कुठली हेही कळत नसतं. पण म्हणतात मात्र ठासून. नवरा गेल्यावरही वहिनीने अशा सायकलींच्या खरेदी-विक्रीचं दुकान सोडलं नाही. तरी येणारा प्रत्येक जण तिच्या खांद्यावरून आत डोकावून विचारायचा, "साहेब कुठेत?" शेवटी धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, एवढा एक सौदा नीट पार पडला तर ठीक. नाहीतर शटर ओढू."

सौदा होता ड्रॉइंग मास्तरांच्या सायकलचा. त्यांच्या वडिलांनी साठ वर्षांपूर्वी कोरी घेतलेली. गिऱ्हाईकही हौशी, जुन्या गाड्या जमवणारे एक डॉक्टर. ते चार वाजता येणार होते. त्यांची अट एकच: इंजिन त्याच सायकलचं हवं. कागदावर नंबर होता, तो इंजिनावरच्या नंबराशी जुळला की झालं.

वहिनी बॅटरी घेऊन वाकली. नंबर असायचा त्या जागी सगळं लख्ख, गुळगुळीत.

"मास्तर, इथे आकडे होते ना?"

"आकडे कसले! कुणीतरी खिळ्याने ओरबाडलं होतं. विकायला काढायची तर नीटनेटकी नको? दोन दिवस पॉलिश पेपर घेऊन बसलो होतो." मास्तर शाबासकीची वाट बघत होते. फ्रेमही त्यांनी नव्याने रंगवली होती, वर सोनेरी वेलबुट्टी काढून.

वहिनीने कपाळावर हात मारला. दिराने तिला बाजूला घेतलं. "आकड्यांचे ठसे आहेत आपल्याकडे. पाच मिनिटांत ठोकून देतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तिला मोह झालाच नाही असं नाही. नाहीतर दुकान हातचं जाणार होतं. पण खोटा नंबर ठोकून टिकवलेल्या दुकानात बसायचं तरी कशाला?

"भाऊजी, बारा नंबरचा पाना द्या."

इंजिन फ्रेमला धरून ठेवणारी पट्टी तिने सोडवायला घेतली. बोल्ट हलता हलेना. अर्ध्या तासाने एकदाचा सुटला. पट्टीखाली मास्तरांचा ब्रश पोचला नव्हता. तिथे मूळचा हिरवा रंग होता आणि त्यात पट्टीचा एकच ठसा, कडेला कडा जुळलेला. इंजिन बदललं असतं तर तो रंग खरवडला गेला असता, दुसरा ठसा उमटला असता.

चार वाजता तिने डॉक्टरांच्या हातात लिहिलेला कागद ठेवला. 'इंजिनावरचा नंबर घासला गेला आहे. पण इंजिन जागचं हललेलं दिसत नाही. पट्टी उघडी ठेवली आहे, स्वतः पाहा.' दिराने डोळे मिटून घेतले.

डॉक्टर इस्त्रीच्या कपड्यांनिशी जमिनीवर आडवे झाले. हौसेला मोल नसतं. बॅटरी मारून त्यांनी पट्टीखालचा हिरवा रंग न्याहाळला. मग उठून धूळ झटकत म्हणाले, "माझ्याकडे सात सायकली आहेत. सगळ्यांचे नंबर अगदी जुळतात. पण नंबर काय, कुणीही ठोकू शकतं. आज पहिल्यांदाच मला त्यांची शंका येतेय. ही मी घेतो. पण त्या सात येऊन बघाल का?"

"सोमवारी येतील!" वहिनीच्या आधी दीरच बोलला. "आमच्याकडे पारख वहिनीच करतात."

वहिनीला इतका आनंद झाला, की सोमवारी कुठले कुठले पाने न्यायचे ते ती तिथेच मोठ्याने मोजू लागली.