रॅम्पचं नवं फाटक

हडपसरच्या पुढे, पालिकेत सामील झालेल्या एका गावात तुळजाबाईंच्या घराला लागूनच कचऱ्याचा रॅम्प होता. आसपासच्या घंटागाड्या तिथे येऊन कचरा ओतायच्या आणि मोठे ट्रक तो पुढे प्रकल्पावर न्यायचे. सोसायट्या वाढत गेल्या तसा रॅम्प अपुरा पडायला लागला. पालिकेने तो वाढवायचं ठरवलं. ही बातमी कळली त्या सकाळी तुळजाबाईंनी घरातली खुर्ची उचलली आणि गल्लीच्या तोंडाशी नेऊन टाकली.

"आता एकबी गाडी माझ्या दारावरनं जायची न्हाई," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

त्यांचा राग काही उगाच नव्हता. रॅम्प आल्यापासून घराची पूर्वेची खिडकी उघडलेली नव्हती. नातीला बघायला आलेले पाहुणे अर्धा चहा टाकून, नाकाला रुमाल लावून उठले होते. बघता बघता शेजारणी येऊन बसल्या, तुळजाबाईंचा मुलगा साईनाथ याने फ्लेक्स छापून आणला. घंटागाड्या दुसरीकडे वळवाव्या लागल्या.

चार-दोन दिवसांनी दुपारी एक बाई खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. ही सुंदराबाई. रॅम्पवर सुका कचरा निवडणाऱ्या बायकांपैकी.

"आक्का, तुमचं भांडण खरं हाय," ती म्हणाली. "वास आम्हालाबी येतो. पण गाड्या थांबल्या तसं आमचं काम थांबलं."

"मग मी काय करू? नाक कापून देऊ तुला?"

सुंदराबाईला हसू आलं. "नको. एकदा आत येऊन बघा. मग परत इथं येऊन बसा, मी अडवायची न्हाई."

इतक्या वर्षांत तुळजाबाईंनी त्या भिंतीपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. पदर नाकाशी धरून त्या आत गेल्या. आत फाटक्या ताडपत्रीखाली बायका आधी येऊन पडलेल्या ढिगातलं निवडत जमिनीवर बसल्या होत्या. ताडपत्रीतून ऊन थेट डोक्यावर. वास या बायकांच्या हयगयीमुळे येतो, असं तुळजाबाई आजवर धरून चालल्या होत्या. इथे तर घाण पाणी वाहून जायला साधं गटारही नव्हतं.

त्यांच्या समोरच गोदाबाई नावाच्या एकीने काळी पिशवी फोडली. शिळी भाजी, भिजलेले कागद, आणि त्यातच फुटका कप. कपाचा तुकडा तिच्या बोटात घुसला. तिने बोट झटकलं, पदराला पुसलं आणि पुन्हा कामाला लागली. कपावरची निळी फुलं तुळजाबाईंनी ओळखली. तो कप त्यांच्याच हातून फुटला होता आणि त्यांनीच तो पिशवीत टाकला होता.

"ही पिशवी आमच्या घरची हाय," त्या हळूच म्हणाल्या.

"असू द्या," गोदाबाई म्हणाली. "कुणाच्या तरी घरचीच असती."

तेवढ्यात पालिकेच्या इंजिनिअर भाग्यश्री मोजणीसाठी आल्या. तुळजाबाईंनी त्यांना गाठलं. "ओ मॅडम, ट्रक पलीकडच्या मोठ्या रस्त्यानं का आणत न्हाई? माझ्याच दारातनं कशापायी?"

"मलाही तेच हवंय, मावशी," भाग्यश्री म्हणाल्या. "तिकडे फाटक काढलं तर गल्ली मोकळी होईल, शेडही बंदिस्त बांधता येईल. पण मधली जमिनीची पट्टी तुमची आहे. आम्ही विचारलं होतं. साईनाथरावांनी नकार दिला."

तुळजाबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सातबारा तर त्यांच्या नावावर होता.

संध्याकाळी साईनाथ जेवायला बसला तेव्हा त्यांनी विषय काढला. त्याचा हात ताटातच थांबला.

"आई, त्या पट्टीसाठी बिल्डर मागे लागलाय. आणि तू ती कचऱ्याला देणार? लोक हसतील."

"हसू दे. पाव्हणं नाक धरून उठलं तवा कोण रडायला आलं हुतं का?"

"बाबांची जमीन आहे ती."

हे मात्र त्यांना लागलं. सकाळी एकट्याच पट्टीवर जाऊन आल्या. नवऱ्यासोबत तिथे कांदा लावला होता, बांध दोघांनी मिळून घातला होता. आता तिथे नुसतं गाजरगवत माजलं होतं. बराच वेळ त्या बांधावर बसून राहिल्या. मग उठल्या आणि तशाच रॅम्पवर गेल्या.

भाग्यश्री आल्यावर त्यांनी सांगितलं, "पट्टी देते. पण शेडला पक्कं छप्पर पायजे, पाणी जायला गटार पायजे. या बायकांना संडास आन् हात धुवायला नळ पायजे. आन् वास बंद झाला पायजे."

"वास पूर्ण जाईल असं वचन मी देणार नाही, मावशी. कमी नक्की होईल. बाकीचं सगळं आराखड्यात घेते."

"खरं बोललीस, बरं झालं. खोटं बोलली असतीस तर पट्टी दिली नसती."

काम रखडत रखडत झालं, पण झालं. वर्षभराने शेड उभी राहिली. निवडायला उंच टेबलं आली, बायका आता उभ्याने काम करणार होत्या. साईनाथ महिनाभर आईशी धड बोलला नाही. पुढे भिंतीलगत झाडं लावायची ठरली, तेव्हा मात्र तो न सांगता करंजाची रोपं घेऊन आला.

उद्घाटनाच्या सकाळी मांडव होता, फीत होती, प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. गाड्यांची रांग मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. गोदाबाईने नवा नळ सोडून बघितला, पाण्याखाली हात धरला आणि दुसरीला हाक मारली. सुंदराबाई हातमोजे घालून ताटकळत उभी होती.

"सुंदरा, कुणाची वाट बघतीस?" तुळजाबाईंनी विचारलं.

"फीत कापायची हाय म्हणं, आक्का."

तुळजाबाईंनी फितीची गाठ सोडली, फीत नीट गुंडाळून भाग्यश्रींच्या हातात ठेवली. "पाव्हणं आलं की परत बांधा. येऊ द्या गाड्या!"

भाग्यश्रींनी हसून हात केला. पहिला ट्रक जोरात हॉर्न वाजवत वळला आणि तुळजाबाई थेट त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ए बाबा, हळू! बहिरं न्हाई कुणी इथं!"

ड्रायव्हरने कानाला हात लावला आणि ट्रक हळूहळू आत घेतला.