नाव तेवढं तेच

पडद्यावर लंडनच्या त्या जुन्या डिटेक्टिव्हने शर्ट काढून दंड थोपटले, तेव्हाच मी खुर्चीतून उठणार होतो. हिराने, म्हणजे माझ्या बायकोने, मनगट धरून मला खाली बसवलं. पलीकडच्या खुर्च्यांवर मांजरी गावचे मच्छिंद्रराव आणि मथुराबाई बसले होते आणि त्यांच्या ऋषीशी आमच्या मुलीचं, मैत्रीचं, लग्न ठरायचं होतं. नाहीतर मी कोणाच्या बापाचं ऐकलं नसतं.

सिनेमाची कल्पना पोरांची. दोघं खराडीच्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीत. घरी बैठक ठेवली तर पोहे, घसा खाकरणं आणि चौकशा. त्यापेक्षा अंधारात शेजारी बसलं की आईबापांचा अवघडलेपणा जाईल, असा त्यांचा हिशेब. मच्छिंद्ररावांना मारामारीचे सिनेमे आवडतात आणि मला तो डिटेक्टिव्ह. "बाबा, एकाच पिक्चरमध्ये दोघंही खूश," मैत्री म्हणाली होती. या आयटीवाल्यांना वाटतं, दोन माणसं एका तिकिटात बसवली की सोयरीक जुळली.

पण तो डिटेक्टिव्ह माझ्यासाठी करमणूक नव्हता. माझे वडील कचरू ओव्हाळ खडकीच्या कारखान्यात फिटर होते. छप्पन्न साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले आणि इंग्रजी शिकायचंच म्हणून रद्दीच्या दुकानातून त्या डिटेक्टिव्हच्या गोष्टींचं जाडजूड पुस्तक घेतलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन ते वाचायचे आणि रविवारी साऱ्या वस्तीला मराठीत करून सांगायचे. गोष्टीत कोणी अनोळखी माणूस खोलीत यायचा. डिटेक्टिव्ह त्याच्या बुटांचा चिखल बघायचा, बोटांवरचे डाग बघायचा आणि तो कुठून आला, काय काम करतो, सगळं सांगून टाकायचा. इथे वडील थांबायचे. "बघा, एवढं सगळं ओळखलं," ते म्हणायचे, "पण आडनाव विचारलं नाही." वस्ती पोट धरून हसायची.

त्या हसण्याचा अर्थ मला पुढे कळला, टेलिफोन खात्यात लागल्यावर शनिवार पेठेत खोली शोधताना. घरमालक गोड बोलायचे, खोली दाखवायचे, मग आडनाव विचारायचे आणि लगेच त्यांचा पुतण्या गावाहून राहायला यायचा. शनिवार पेठेतल्या प्रत्येक घरमालकाला पुतण्या असतो, ही माहिती मला तेव्हा मिळाली. म्हणून पुढे बिबवेवाडीत फ्लॅट घेतला, तेव्हा खिडक्यांना गज बसवायच्या आधी मी दारावर 'ओव्हाळ' अशी पितळी पाटी ठोकली.

आणि आता पडद्यावर काय चाललं होतं? आमचा डिटेक्टिव्ह कौलांवरून उड्या मारत होता. पिठाच्या पिंपात पडत होता, बाहेर येऊन चार जणांना लोळवत होता आणि वर विनोद करत होता. कोणाकडे धड बघायलाही त्याला सवड नव्हती. मला संताप आवरेना. मच्छिंद्रराव मात्र मांडीवर थापा मारून दाद देत होते.

मध्यंतरात त्यांनी माझ्यासाठीही पॉपकॉर्न घेतलं. ते पुढे करताना त्यांची बाही वर सरकली आणि हातावर उसाच्या पात्याचे ताजे ओरखडे दिसले. निम्मी जमीन बिल्डरला दिली, बंगला बांधला, दारात गाडी आली, तरी हा गडी उरलेल्या उसात स्वतः शिरतो, हे मी ओळखलं. शेवटी कचरू ओव्हाळांचा मुलगा. माणूस मला आवडला.

मग त्यांनी मला जरा बाजूला घेतलं, सिनेमाच्या भल्यामोठ्या पोस्टरखाली. त्यावर डिटेक्टिव्हचं नाव पुरुषभर उंचीच्या अक्षरांत होतं.

"सायेब, पोरगी आमाला पसंत हाय," ते म्हणाले. "लई गुणाची हाय. फकस्त एक इनंती. पत्रिकेवर आडनाव नको. पोरीचं आन् तुमचं, नुसतं मैत्री संजय लिवू. आजकाल तशी फॅशनच हाय."

"फॅशन," मी म्हणालो.

"मला काय न्हाय हो. भावकीत उगा चर्चा नको, एवढंच."

"मग हॉलमध्ये फोटो कोणाचे लावायचे नाहीत, तेही ठरलं असेल."

त्यांनी मान खाली घातली. म्हणजे ठरलं होतं. मी पॉपकॉर्नचा पुडा त्यांच्या हातात परत दिला आणि आत जाऊन बसलो.

उरलेला सिनेमा मी पाहिला नाही. डोळे उघडे होते, एवढंच. नाही म्हणावं, तर पोरीचं लग्न माझ्या तोंडाने मोडणार. हो म्हणावं, तर माझ्या बापाला माझ्याच घरच्या कार्यातून मी पुसून टाकणार. गोड बोलून, पॉपकॉर्न खाऊ घालून मागितलं म्हणजे मागणं लहान होतं का? शनिवार पेठेने निदान पुतण्या तरी पुढे केला होता. पडद्यावर कुठलासा पूल कोसळला, मच्छिंद्ररावांनी शिट्टी वाजवली आणि माझं डोकं आणखी भडकलं.

सिनेमा सुटला. सगळे बाहेर येऊन पुन्हा त्याच पोस्टरपाशी थांबले. मच्छिंद्ररावांनी, मधे काही झालंच नाही अशा सुरात, मला सिनेमा कसा वाटला ते विचारलं. हिराने माझ्याकडे डोळे वटारले. पण आता मला थांबवणं तिच्या हातात नव्हतं.

"सिनेमा असेल चांगला," मी म्हणालो. "पण हा माणूस तो नाही. पळतो, मारतो, हसवतो, सगळं करतो. जे त्याचं स्वतःचं होतं, तेवढंच लोकांना चालावं म्हणून काढून टाकलंय. मग नाव तरी कशाला ठेवलं? तेही काढायचं होतं."

मच्छिंद्रराव मोकळेपणी हसले. "आवो, आसं कसं? नावच काढलं तर मानूस कोन हाय ते कसं कळंल? मंग त्यो कुनीबी."

बोलून झालं आणि त्यांचं हसू तिथेच राहिलं. गाडीची किल्ली हातात घेऊन ते पोस्टरकडे बघत उभे राहिले. पोरं आमच्या तोंडांकडे बघत होती. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"ऋषी," ते शेवटी म्हणाले, "पत्रिकेचा मजकूर कोन लिवनार हाय?"

"मीच, अण्णा. का?"

"सायेबांकडनं पोरीचं पुरं नाव लिवून घे. आडनावासकट." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आन् आजोबांचं नाव काय म्हनायचं?"

"कचरू," मी म्हणालो. "कचरू ओव्हाळ. ठळक अक्षरांत."