सहा नंबरचं मॅगझिन

व्हर्ना टोलेफसनने खोका टेबलावर उपडा केला आणि दहा मॅगझिनं खडखडत बाहेर पडली. काळी, प्लास्टिकची, प्रत्येकात तीस गोळ्या मावणारी, आणि प्रत्येकावर तिनेच पांढऱ्या रंगाने घातलेला नंबर. भोवती जमलेल्या पंधरा-वीस जणांनी माना पुढे काढल्या. शनिवारची स्पर्धा आटोपली होती, शेडमध्ये चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्शाचं, भलंमोठं पातेलं उकळत होतं, पण आज जेवणाकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"मोजून घे रे लाइल," व्हर्ना म्हणाली. "उगाच नंतर म्हणशील, वाईट होती ती घरी ठेवून आली."

"मोजतोय की," लाइल ब्रँडव्होल्ड म्हणाला. हा नेमबाजी क्लबचा अध्यक्ष. वय अडुसष्ट. मोन्टानातल्या त्या वाऱ्याच्या माळावर गेली बावीस वर्षं रायफलबद्दल शेवटचा शब्द त्याचा असे. "दहाच्या दहा आहेत. दिसायला तर खेळण्यातली दिसतायत."

लोक हसले. व्हर्नाही हसली, पण सहा नंबरकडे बघायचं तिने टाळलं.

भानगड तशी साधी होती. क्लबच्या रायफलींसाठी चाळीस नवी मॅगझिनं घ्यायची होती. लाइलचं म्हणणं, नेहमीची नावाजलेली घ्या. व्हर्नाचं म्हणणं, एकाच्या पैशात तीन येतात ती घ्या, मी स्वतः वापरून पाहिलीत. गेल्या महिन्याच्या सभेत लाइलने "बाजारातला कचरा" असं म्हणून हात झटकला, आणि व्हर्नाचं डोकं सणकलं. तीस वर्षं शाळेची बस चालवणारी बाई, भल्याभल्यांचा आवाज बसवलेला. ती उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, "तीनशे गोळ्या झाडल्यात मी. एकदाही अडकली नाही!"

तीनशे झाडल्या होत्या हे खरं. अडकली नाही हे खोटं.

सहा नंबरचं मॅगझिन, अकरावी गोळी. घरामागच्या खडीच्या खाणीत ती एकटीच होती. गोळीने नाक खाली घातलं आणि आतल्या भिंतीला टेकून बसली. व्हर्नाने ती काढली, मॅगझिन शर्टाला पुसलं, पुन्हा भरलं, पुन्हा झाडलं. सुरळीत चाललं. धूळ गेली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि विषय मिटवला. सभेत उभी राहिली तेव्हा ती एक गोळी तिला लख्ख आठवत होती. तरी जीभ घसरलीच. आणि इथे गावात कोणती बॅटरी घ्यावी, कोणता टायर टिकतो, कोणती दुर्बीण फसवी, हे लोक व्हर्नाला विचारून ठरवतात. तिच्या शब्दाला किंमत होती. तीच आज टेबलावर पडली होती.

"नियम ऐका!" लाइलने आवाज चढवला. "भरलेलं मॅगझिन खडीवर टाकायचं. वर मूठभर धूळ. मग रायफलला लावून तीसच्या तीस. एक तिच्या रायफलमध्ये, एक माझ्या, आलटून पालटून. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागेच थांबला पाहिजे. एक जरी अडकली, तर माझी मॅगझिनं घ्यायची. नाही अडकली, तर मी सगळ्यांसमोर टोपी काढून माफी मागेन."

"टोपी काढशील?" मागून नादीन ओरडली. ही क्लबची सचिव, हातात ऑर्डरचा कागद. "आतलं टक्कल बघायला मी बहिणीलाही बोलावते!"

सगळ्यांनी कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले. पहिलं मॅगझिन खडीवर आपटलं, धुळीने माखलं, व्हर्नाच्या रायफलमध्ये खट्कन बसलं. शंभर यार्डांवरची पोलादी तबकडी टणाटण वाजू लागली. तीस झाल्या, मॅगझिन रिकामं झालं आणि गोळी आत ढकलणारा बोल्ट मागेच थांबला. आरोळी उठली.

दुसरं लाइलने झाडलं. तिसरं व्हर्नाने. चौथं लाइलने, आणि ते त्याने मुद्दाम जरा जोरातच आपटलं.

"अरे, मॅगझिन आहे ते, जावई नाही तुझा!" व्हर्ना ओरडली.

आता चिलीकडे लक्ष ठेवणारीही पळी घेऊन बाहेर आली होती. पाचवंही पार पडलं. लोक मोठमोठ्याने मोजायला लागले होते, पाय आपटत, टाळ्या देत.

लाइलने सहावं उचललं. खडीवर टाकलं, त्यावर धूळ लोटली, रायफलला लावलं.

"एक! दोन! तीन!"

व्हर्ना मोजत नव्हती. ती नुसती वाट बघत होती. आठ. नऊ. दहा.

"अकरा!" टण्ण.

"बारा! तेरा!" आणि मग तिसावी गोळी सुटून बोल्ट मागे थांबला. सुटले बाई, असं तिला वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाजही वाटली. पण लाजत बसायला वेळ नव्हता, कारण सातवं तिच्याच हातात होतं. सात, आठ, नऊ, एकामागून एक पार पडत गेली. दहाव्याला तर लोकांनी मोजणं सोडून नुसता आरडाओरडा मांडला.

"दहा! दहाच्या दहा!" नादीनने कागद डोक्यावर नाचवला. कोणीतरी व्हर्नाला उचलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, पण पाठीवर थापा मात्र भरपूर पडल्या. तिला हसू आवरत नव्हतं. लाइलला हरवलं होतं तिने, बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी!

लाइलने रायफल टेबलावर ठेवली. सगळ्यांकडे वळला. आणि खरंच टोपी काढली.

"दिला शब्द पाळतो मी," तो म्हणाला. "व्हर्नाने सांगितलं होतं, एकदाही अडकली नाही. मी घरी बायकोला म्हटलं, बाई खोटं बोलतेय. आज तुमच्यासमोर ते मागे घेतो. व्हर्ना, माझं चुकलं."

वाऱ्याने त्याचे चार केस उभे राहिले होते. कोणी हसलं नाही.

"मागे घेऊ नकोस," व्हर्ना म्हणाली.

"काय?"

"मागे घेऊ नकोस म्हणते. टोपी घाल." "अडकली होती. सहा नंबर, अकरावी गोळी. सभेच्या आठवडाभर आधी. मला माहीत होतं, आणि मी नाही म्हणून सांगितलं."

नादीनचा कागद हळूच खाली आला. शेडमधून पळी पडल्याचा आवाज आला. आता तोंड कुठे लपवावं ते व्हर्नाला कळेना. तिने सहा नंबर उचललं, घट्ट धरलं, आणि लाइल काय बोलतोय याची वाट बघत उभी राहिली.

लाइलने टोपी घातली. मग आपल्या बॅगेपाशी गेला, तळापर्यंत हात घातला आणि एक मॅगझिन काढून टेबलावर आदळलं. नावाजलेलं, महागडं. त्याला लाल पट्टी गुंडाळलेली.

"दर पन्नास गोळ्यांना एकदा अडकतं," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. फेकवत नाही. आणि सभेत सांगितलं तर माझ्या त्या नावाजलेल्यांचं कौतुक कोण ऐकेल?"

मागून एकाने बॅग उघडली. "माझंही एक आहे." दुसऱ्याने दोन काढली. नादीनने गाडीत जाऊन सीटखालून एक आणलं, त्यावर काळ्या शाईने मोठी फुली. बघता बघता टेबलावर ढीग झाला, स्वस्त आणि महाग एकत्र, आणि प्रत्येकजण आपलं किती वाईट आहे ते दुसऱ्यावर मात करत सांगायला लागला. असा गलका दहाही मॅगझिनं पार पडल्यावर झाला नव्हता.

"बरं, आता ऑर्डरचं काय?" नादीन ओरडली. "घ्यायची कुठली?"

"हिची घ्या," लाइल म्हणाला. "पण चाळीसऐवजी पन्नास मागव, दहा खराब निघाली तरी चालेल. एकेक व्हर्नाच तपासेल, आणि अडकलं की त्याच दिवशी फळ्यावर लिहील."

"माझ्यावर सोपवतोस?" व्हर्नाने विचारलं. "आत्ताच ऐकलंस ना काय केलं मी?"

"ऐकलं म्हणून तर." त्याने तिच्या हातातल्या सहा नंबरकडे बोट दाखवलं. "पण ह्याचं काय करायचं? आत्ता माझ्याच हातात तीसच्या तीस चाललंय. चांगलं आहे की."

व्हर्नाने मॅगझिन उलटसुलट करून पाहिलं. मग ते खडीवर ठेवलं आणि बुटाची टाच पूर्ण वजनानिशी त्यावर मारली. प्लास्टिक फुटलं, स्प्रिंग उडून लाइलच्या पायाशी पडली.

"एकदा चाललं नव्हतं," ती म्हणाली. "आण तुझं लाल पट्टीवालं."