बोटभर डावीकडे

आमच्या सायकलच्या दुकानात मागचं चाक बसवायची एकच रीत आहे. टायर आणि फ्रेमच्या नळ्या यांच्यामधे दोन्ही बाजूंनी बोट घालून बघायचं. बोट दोन्हीकडे सारखं शिरलं की चाक सरळ, मग पान्ह्याने नट आवळायचे. एवढी अक्कल आमच्या शिंप्याला असती, तर मी आज लंगडत नसतो.

मी लंगडा नाही. बायको सोडून हे कुणालाच माहीत नाही.

ऐन लग्नाच्या दिवशी शिंप्याने पँट आणून दिली. डावा पाय बोटभर आखूड. मी बोंब मारली तर म्हणाला, "एकदा धुतली की बसेल." लग्नाच्या आधी धुवायला वेळ कुठला? आखूडपणा झाकायला मी दिवसभर डाव्या अंगाला झुकून चाललो. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. तेव्हा सासरे सगळ्यांसमोर उठले आणि गरजले, "पाय अधू असेल, पण माणूस सोन्यासारखा आहे!" एवढ्यावरून त्यांनी कुजबुजणाऱ्या सख्ख्या भावाशी बोलणं तोडलं.

आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की पाय ठणठणीत आहे, अधू पँट होती? सासुरवाडीला गेलो की मी लंगडतो. सासरे धावत खुर्ची आणतात. मेहुणा हात धरून रस्ता ओलांडून देतो. घट्ट धरतो, मेला.

गेल्या आठवड्यात शिंपी पंक्चर काढायला आला.

"जावईबापू, जरा लवकर हं! तुमच्याच सासऱ्यांकडे निघालोय, मेहुण्याच्या सुटाचं माप घ्यायला."

मी मागचं चाक उतरवलं, पंक्चर काढलं, चाक परत चढवलं. उजवीकडे बोट घालून बघितलं. डावीकडे मुद्दाम बघितलंच नाही. मग त्याचा गळा डोळ्यांसमोर आणून नट आवळले.

दुसऱ्या दिवशी शिंपी मास्तर हजर. सायकल डावीकडे ओढत होती, म्हणून हे सगळा रस्ता उजवीकडे कलून आलेले. गळ्यातली टेप काढून त्यांनी चाकाच्या दोन्ही बाजू मोजल्या.

"अरे, बोटभर डावीकडे बसवलंयस!"

"चालवलीत की बसेल, मास्तर."

त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

"त्या पँटचं अजून धरून बसलायस?"

"सासऱ्यांना सांगा, पाय अधू नाही, माप चुकलं होतं. लगेच सरळ करून देतो."

"माझं माप? चुकलं? मरेपर्यंत वाकडी चालवीन, पण हे तोंडातून काढणार नाही!"

आणि गेले, कलून. सायकलचं दुसरं दुकान आहे, पण ते उजवीकडच्या गल्लीत. तिकडे त्यांची सायकल वळत नाही.

काल सासुरवाडीला गेलो. नेहमीप्रमाणे फाटकापासून लंगडायला सुरुवात केली. आत पाहतो तर माझ्या खुर्चीवर मास्तर. कमरेतून उजवीकडे वाकलेले, पाठीशी माझी उशी, हातात माझा चहाचा कप.

सासरे माझ्या कानाशी आले. "बिचाऱ्याची कंबर धरलीय रे, कलूनच चालतो. तुला नाही कळणार तर कुणाला कळणार? आज जरा उभा राहशील?"

राहिलो. जवळजवळ एका पायावर. मास्तर मजेत चहा फुर्र करत माझ्या डाव्या पायाकडे बघत होते, आणि मी खुर्चीच्या पायांकडे.

डावा मागचा पाय बोटभर कापला की पुरे. सासरे दुपारी झोपतात. करवत पिशवीत आहे.