डॉक्टरीणबाईंच्या नावाचं पत्र

मी संगणक बोलतोय, प्राण्यांच्या दवाखान्यातला. तपासणीच्या खोलीत खिडकीला लागून माझं टेबल आहे. कुत्री माझ्या वायरी हुंगतात, मांजरं उबेला चिकटून बसतात. पंख्यात अडकलेले केस काढताना आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, "यालाही एकदा भादरायला हवं!"

मला विकत आणलं तेव्हा बाईंना टाईप करता येत नव्हतं. एका बोटानं शिकल्या. मुक्या जिवांची दुखणी, लसींच्या नोंदी, एक्स-रे, सगळं त्यांनी हळूहळू माझ्या पोटात घातलं.

एका सकाळी टेबलावर एक पिल्लू कण्हत होतं. त्याला एका हातानं धरून बाई दुसऱ्या हातानं आलेले मेल बघत होत्या. एक मेल औषधवाल्यांचा होता. निदान दिसत तरी तसाच होता. 'तुम्ही मागवलेली लस परत चालली आहे. थांबवण्यासाठी इथे दाबा.' बाईंनी दाबलं.

झालं! माझ्या अंगात काहीतरी शिरलं. एक्स-रे एकामागून एक उघडेनासे झाले. त्याहून वाईट म्हणजे बाईंच्या नावानं सगळ्या ओळखीच्यांना पत्रं सुटली: 'तुमच्या प्राण्याचा रिपोर्ट गंभीर आहे. ताबडतोब उघडा.' बाईंचं नाव बघितल्यावर कोण उघडणार नाही?

थोड्याच वेळात एका मांजरवालीचा फोन आला. "अहो बाई, माझी मनी तर उड्या मारतेय. रिपोर्ट कसला?"

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी माझी इंटरनेटची वायर खसकन उपटली.

शेजारी उभ्या बाईंच्या नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "कुणाकडे बोलू नकोस. दवाखान्याची अब्रू जाईल. होईल आपोआप थंड."

"माझी फक्त अब्रू जाईल. पत्र उघडणाऱ्यांचं घर धुतलं जाईल," बाई म्हणाल्या. "तुम्ही जरा पिल्लाला धरा."

आणि मोबाइल घेऊन बसल्या. "मी फसले हो. माझ्या नावानं आलेलं पत्र उघडू नका. उघडलं असेल तर आधी बँकेला कळवा." कुणी हसलं. कुणी टोचलं, "एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि असं?" बाईंनी ते गिळलं आणि पुढचा नंबर लावला. चूक झाली की माणसं तिच्यावर पांघरूण घालतात. ते स्वतःच्या हातानं ओढून काढणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आमच्याकडे बोका आणणाऱ्या निवृत्त मास्तरांचा फोन मात्र लागेना. सारखा दुसऱ्या कॉलवर. बाई अंगातल्या एप्रनसकट धावत सुटल्या.

पुढचं मास्तरांनीच नंतर आपल्या बोक्याला तपासायला आणलं तेव्हा सांगितलं. "पत्र उघडलं, आत एक नंबर होता. त्यावर फोन केला, तर पलीकडचा काय गोड बोलत होता! मोबाइलवर आलेले आकडे वाचून दाखवा म्हणाला. मी चष्मा चढवतोय, तोच बाई दारात! 'मास्तर, एक आकडाही बोलू नका!' जन्मभर मी पोरांना गप्प केलं, मला बाईंनी केलं!"

दुरुस्तीवाल्यानं मला खरवडून साफ केलं. एक्स-रे परत उघडून द्यायला चोर खंडणी मागत होते, बाईंनी दमडी दिली नाही. बरेच एक्स-रे कायमचे गेले. आता रोज काम संपलं की नोंदींची एक प्रत वेगळी काढतात आणि मगच दिवा मालवतात.

माझं वय झालंय. सुरू व्हायलाच वेळ लागतो. जाता जाता तुम्हाला एवढंच सांगणं आहे: घाईला लावणाऱ्या पत्राला घाईनं हात लावू नका. आणि लागलाच, तर लपवू नका. चोराला तुमच्या लाजेचाच आडोसा मिळतो.

परवा एक तरुणी ससा घेऊन आली. ससा तपासून झाला तरी ती उठेना. शेवटी हळूच म्हणाली, "तुम्ही तेव्हा फोनवर सांगितलंत ना, ऑफिसात माझ्याकडूनही तसंच काहीतरी दाबलं गेलंय. अजून कुणाला सांगितलं नाही. नोकरी जाईल हो."

बाईंनी ससा आपल्या मांडीवर घेतला. "जाईल की राहील ते नंतर बघू. आत्ता ऑफिसात फोन लाव. मी बसलेय ना इथं."

तिनं नंबर लावला. पलीकडून आवाज आला, तशी ती ताठ बसली.

"मॅडम, जरा महत्त्वाचं सांगायचंय," ती म्हणाली. "माझ्या हातून एक चूक झालीये."