परिच्छेदात काय लिहिलंय

माझ्या भावजयीला तिच्या ऑफिसात 'वाळवी' म्हणतात. कुठलाही नवा प्रोग्राम तिच्या हाती द्या, वरून कितीही चकचकीत असो, ती आतून पोखरून तो कुठे मोडतो ते दाखवते. रुग्णालयांना लागणारं सॉफ्टवेअर तिची कंपनी करते, आणि ते रुग्णालयात जाण्याआधी तपासायचं हे तिचं काम. हे नाव कौतुकाने पडलं की वैतागून, कोण जाणे; तिला ते आवडतं. घरात मीही तेच वापरते. माझा भाऊ जहाजावर असतो, त्यामुळे घरात आम्ही नणंद-भावजय दोघीच. भांडणं सोडवायला तिसरं कोणी नाही, म्हणून आमची भांडणं लवकर मिटतात.

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. असं असताना माझ्याच घरातली बाई इंग्रजीच्या पेपरात दोनदा आपटावी, हे मला फार झोंबलं होतं. सॉफ्टवेअरवाल्यांची एक पात्रता परीक्षा असते. तिचा तांत्रिक भाग वाळवीने पहिल्याच फटक्यात काढला, पण इंग्रजीत वेगळं पास व्हावं लागतं आणि तिथे गाडी अडली. तिच्या कंपनीचे मालक बदलले होते. नव्या मालकांनी नियम काढला, की ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याने तपासणीच्या कामावर राहायचं नाही, तक्रारींचे फोन घ्यायला बसायचं. या खेपेची परीक्षा ही शेवटची संधी होती.

"वन्सं, मला फोनवर बसवलं तर मी आठवड्याभरात वेडी होईन," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण हातातला कप खाली ठेवताना तो बशीवर वाजला.

"तुला नापास करायची कोणाची हिंमत आहे ते मी बघते," मी म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हा माझा जुना स्वभाव.

पहिल्या दिवशी मी तिला जुना पेपर सोडवायला बसवलं आणि तोच पेपर स्वतःही सोडवला. परिच्छेद सगळे कॉम्प्युटरचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी माझी सगळी उत्तरं बरोबर आली. तिची निम्मीसुद्धा नाही. मी चक्रावले. बाई दिवसभर इंग्रजी कागद वाचते, इंग्रजीत पत्रं लिहिते, आणि इथे हे काय?

"हे बघ," मी एका प्रश्नावर बोट ठेवलं. "परिच्छेदात लिहिलंय की माहितीची दुसरी प्रत त्याच मशीनवर ठेवली जाते. प्रश्न काय, तर प्रत कुठे ठेवली जाते? तू 'दुसऱ्या मशीनवर' अशी खूण का केलीस?"

"कारण त्याच मशीनवर प्रत ठेवणारा माणूस मूर्ख आहे. मशीन जळलं की दोन्ही गेलं."

"असेल मूर्ख. पण परिच्छेदात तो मूर्खच आहे ना?"

"मग मी त्याला हो म्हणू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला इंग्रजी उत्तम कळत होतं. ती परिच्छेद वाचत नव्हती, तपासत होती. जिथे लिहिणारा चुकला तिथे ती त्याला सुधारून त्या सुधारलेल्या गोष्टीचं उत्तर देत होती. परीक्षकाला काय, त्याने उत्तरांची किल्ली लावायची आणि शून्य द्यायचं.

"तुझं मत कोणी विचारलेलं नाही," मी म्हणाले. "परिच्छेदात काय लिहिलंय तेवढं सांग. लिहिलेलं नाही ते जगात नाही."

हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्यांदा म्हणाले, की ती भाजी चिरतानाही ते पुटपुटायची. तरी खोड जाईना. मग मी युक्ती काढली. तिच्यासाठी मी स्वतःच परिच्छेद लिहू लागले, आणि तेही धादांत खोटे. माझा भाऊ स्वयंपाकात निपुण आहे. आमच्या घरातून समुद्र दिसतो. थोरली नणंद स्वभावाने अतिशय गोड आहे. यावर प्रश्न, नणंदेचा स्वभाव कसा आहे? पहिल्यांदा ती पेन खाली ठेवून इतकी हसली, की मला रागच आला. दुसऱ्यांदा ओठ आवळून तिने 'गोड' वर खूण केली. हळूहळू ती निर्विकार झाली. कितीही मोठी थाप लिहा, ती डोळ्याची पापणी न हलवता लिहिल्याबरहुकूम उत्तर देऊ लागली. शेवटच्या आठवड्यात तिची एखाददुसरीच चूक होई. मी खूश होते. खोटं कशाला बोलू, स्वतःवर जास्त खूश होते.

त्याच आठवड्यात ऑफिसात तिची धांदल चालू होती. मागे मी ज्यात दाखल होते त्या मोठ्या रुग्णालयाची जुनी यंत्रणा बंद करून नवी सुरू करायची होती, आणि त्यासाठी सुट्टीचा दिवस धरला होता, कारण त्या दिवशी तिथे वर्दळ कमी. नेमका तोच परीक्षेचा दिवस. वाळवीला परीक्षेमुळे सूट मिळाली. जुनीतली कोणती माहिती नवीत न्यायची याचा इंग्रजी आराखडा मालकांनी नेमलेल्या नव्या साहेबांनी केला होता. तो तपासून सही करायचं तिचं काम तिने आदल्या दिवशी उरकलं.

"इतक्या लवकर?" मी विचारलं होतं. तिच्या सह्या एरवी चार भांडणांनंतर होत.

"जे लिहिलंय ते सगळं जागेवर आहे. तुमची शिकवणी," ती म्हणाली, आणि मी फुलून गेले.

परीक्षेच्या सकाळी आम्ही केंद्राच्या फाटकाशी लवकर पोचलो. फाटकात फोन आत नेऊ देत नव्हते, म्हणून तिचा फोन माझ्या पिशवीत होता. डोकं जरा चालतं व्हावं म्हणून मी तिच्यासाठी एक शेवटचा परिच्छेद लिहून आणला होता. तो तिने कट्ट्यावर बसून वाचला. त्यात माझीच स्तुती होती: निवृत्त शिक्षिका ठणठणीत आहेत, त्यांना कुठलंही औषध चालतं, कशाचाही त्रास होत नाही. प्रश्न होता, शिक्षिकेला कोणत्या औषधाचा त्रास होतो? तिने झटकन 'कोणत्याही नाही' वर खूण केली.

"शाब्बास," मी म्हणाले.

ती कागदाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"वन्सं, तुम्हाला पेनिसिलिन चालत नाही."

"मला सांगतेस? मीच तर सुजून रुग्णालयात पडले होते."

"त्या आराखड्यात ते नाहीये." ती उभी राहिली. "कोणाला कुठलं औषध चालत नाही, ते जुन्या यंत्रणेत शेऱ्याच्या रकान्यात लिहितात. आराखड्यात नाव आहे, वय आहे, आजार आहे, चालू औषधं आहेत. शेऱ्याचा रकानाच नाही. मी काल एकेक ओळ ताडून पाहिली, लिहिलेलं सगळं बरोबर होतं. काय लिहिलेलं नाही ते मी बघितलंच नाही. वन्सं, मी सही केली!"

तिने माझ्या पिशवीतून फोन काढला. साहेब उचलेनात. मशीनच्या खोलीत जाताना सगळे फोन बाहेर ठेवतात, हे तिनेच मला सांगितलं. ऑफिसच्या नंबरवर नुसतीच घंटी वाजत राहिली. आत नावं पुकारायला सुरुवात झाली होती.

"मी जाते," ती म्हणाली. "जुनी यंत्रणा बंद झाली की डॉक्टरांना फक्त नवी दिसणार. कोणाला काहीही टोचतील."

मी तिचा दंड धरला. "तू आत जा. ही परीक्षा गेली तर तुझं काम जाईल. ऑफिसात मी जाते. मला तोंड आहे, इंग्रजी येतं, आणखी काय लागतं?"

"पण वन्सं..."

"आत जा म्हणते ना!"

ती फाटकातून आत गेली, पण मान मागे वळवून माझ्याकडेच बघत होती. मी टॅक्सी केली. एरवी मी टॅक्सीवाल्याला हळू चालवायला सांगते. त्या दिवशी मी त्याच्या मानगुटीवर बसले होते. प्रत्येक सिग्नल लाल. माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती रुग्णालयातली खाट, आणि घसा आवळत गेल्यावर छतावरचा पंखा कसा अंधूक झाला होता ते.

ऑफिसच्या दारावरच्या रखवालदाराने अडवलं. मी अशी काही ओरडले, की त्याने स्वतःच मला वर नेलं आणि काचेच्या दारावर थापा मारून नव्या साहेबांना बाहेर बोलावलं. साहेब माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे, झोप न झालेले, पण बोलायला मऊ. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे आराखडा आणून माझ्यासमोर धरला.

"बाई, हा रुग्णालयाने मंजूर केलेला आराखडा. खाली तुमच्या भावजयीची सही. शेऱ्याचा रकाना न्यायचा असं यात कुठे लिहिलंय, दाखवा मला."

मी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचलं. भाषा स्वच्छ होती.

"नाही लिहिलेलं," मी म्हणाले. "बरोबर आहे तुमचं."

साहेबांनी मान डोलावली आणि दाराकडे वळले. बोलून गेले आणि मलाच कळलं मी काय बोलले ते. आता हा माणूस आत जाणार आणि बटण दाबणार, तेही माझ्या संमतीने.

"थांबा!" मी दारात आडवी उभी राहिले. "माझं नाव घालून बघा. मी त्याच रुग्णालयात होते. नव्या यंत्रणेत मला उघडून दाखवा, मग मी जाते."

"बाई, आत सगळे खोळंबलेत."

"उघडा म्हणते ना!"

आयुष्यभर वर्गावर वापरलेला आवाज होता तो. साहेब निमूटपणे जवळच्या मशीनवर बसले. माझं नाव आलं, वय आलं, आजार आला. खाली काही नाही.

"आता जुनीत बघा."

जुनीत माझ्या नावाखाली लाल अक्षरांत ओळ होती: पेनिसिलिन देऊ नये. ती साहेबांनी वाचली. तसेच उठले आणि काचेचं दार ढकलून आत धावले. "जुनी बंद करू नका! हात काढा सगळ्यांनी!" हे मला बाहेरपर्यंत ऐकू आलं.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. मनात आनंदाचं उधाण आलं होतं. पेपर सुटेपर्यंत फाटकाशी पोचायचं, वाळवीला मिठी मारायची आणि सांगायचं, बघ, जमलं की नाही तुझ्या नणंदेला! जिना उतरायला लागले. खालच्या वळणावर कोणीतरी धापा टाकत वर येत होतं. केस विस्कटलेले, मुठीत चुरगळलेलं हॉलतिकीट.

"तू?" मी कठडा धरला. "पेपर?"

"थांबलं का?"

"थांबलं. जुनी चालू आहे. अगं, पेपर?"

ती पायरीवर खाली बसली. आधी तिने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मग म्हणाली, "उठून आले."

"बाहेर पडलं की परत घेत नाहीत!"

"माहीत आहे."

"मी आले होते ना इथे?" माझा आवाज चढला. राग येत होता आणि रडूही. "एवढा एक निरोप द्यायचा होता. माझ्यावर तेवढाही भरवसा नव्हता?"

"होता वन्सं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "तुम्ही पोचणार, साहेबांना गाठणार, ठणकावून सांगणार, सगळं माहीत होतं. पण साहेब विचारणार, हे कागदात कुठे आहे? आणि तुम्ही तो वाचणार आणि म्हणणार, बरोबर आहे तुमचं. पहिला परिच्छेद वाचताना मला सारखं तेच ऐकू येत होतं. मग अक्षरंच दिसेनात."

मला खोटं बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण ती माझ्याकडे बघायला लागली होती.

"तसंच म्हणाले मी," मी सांगितलं. "आधी तसंच म्हणाले."

तिने मान हलवली. तिला राग आला नाही, निदान मला तरी दिसला नाही. मग तिला रडू फुटलं. मी शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेवढ्यात वरून साहेबांनी हाक मारली. शेऱ्याचा रकाना जुनीत कुठे कसा साठवलाय ते तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि वर गेली. संध्याकाळपर्यंत तिने ते काम पुरं केलं.

निकाल लागला तेव्हा तिच्या नावापुढे 'अपूर्ण' असं होतं. साहेबांनी तिच्यासाठी वरपर्यंत शब्द टाकला, त्या दिवशी काय घडलं ते सगळं कळवलं. वरून उत्तर आलं, की नियमात अपवाद लिहिलेला नाही. दुसऱ्याच दिवसापासून वाळवी तक्रारींचे फोन घ्यायला बसली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.