मतदानानंतरही उभा राहिलेला खांब

मित्रांनो, फलक ठोकायचा लाकडी खांब, एवढीच माझी ओळख. माझ्यापाशी सांगण्यासारखं फार आहे असं मला वाटत नाही, तरी ऐका.

इंग्लंडच्या उत्तरेला, ऑल्डरशॉ या गिरणीगावात, विल्फ गार्साइड नावाच्या सुताराने मला घडवलं. निवडणूक आली की तो मला अंगणात ठोकायचा आणि वर आपल्या पक्षाचा फलक लावायचा. मतदान झालं की दुसऱ्याच दिवशी मला उपटून, पुसून कोठीत ठेवायचा. बहुतेक वेळा आमचा पक्ष हरायचा. "खांब मात्र अजून सरळ आहे हं," असं तो म्हणे. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

गेल्या निवडणुकीत फलकावर लिहिलं होतं, 'गावचा तरणतलाव पुन्हा उघडू.' तलाव परवडत नाही म्हणून त्याला कुलूप लागलं होतं. शेजारच्या मर्टलचं खुब्याचं हाड मोडलेलं. तलावाच्या ऊन पाण्यात ती काठीवाचून चालायची; एरवी फाटकापर्यंत येणंही तिला जड. तिने जन्मभर दुसऱ्या पक्षाला मत दिलेलं. विल्फ तिच्या दारात जाऊन म्हणाला, "या खेपेला आम्हाला दे. तलाव उघडतो, माझा शब्द."

पक्ष जिंकला. विल्फला इतका आनंद झाला, की त्याने मला उपटलंच नाही.

उन्हाळा सरला तेव्हा कळलं, की तलावाचा 'विचार चालू आहे'. येणारेजाणारे माझ्यापाशी थांबू लागले.

"काय विल्फ, येतोस पोहायला? टॉवेल आणलाय!" टपालवाला ओरडला.

"आधीचे तिजोरी झाडून गेले. हे काय जादू करणार?" विल्फ म्हणाला.

"तिजोरी रिकामी आहे हे मतं मागताना माहीत नव्हतं होय?" कुत्रा घेऊन निघालेल्या ॲग्नेसबाई म्हणाल्या.

"तुम्ही नका बोलू, बाई! कुलूप तुमच्याच पक्षाने लावलं," टपालवाला म्हणाला.

वाद रोज व्हायचा आणि चहाच्या वेळेला मोडायचा. मर्टल त्यात कधी पडली नाही. एकदा कुंपणाशी येऊन ती एवढंच म्हणाली, "पक्षाचं मला काही नाही, विल्फ. मी मत तुला दिलं होतं."

त्यानंतर विल्फने टपालवाल्याला उत्तर देणं सोडलं.

मग पक्षाचे स्थानिक चिटणीस पिकर्सगिल आले. "अहो, काढा तो फलक. हसं होतंय आपलं."

"होऊ दे. तलाव उघडला की काढतो."

"विल्फ, पक्ष आपला आहे!"

"आपला आहे म्हणूनच ठेवलाय. फलक हवा तर न्या. मी दुसरा रंगवीन."

ते रिकाम्या हाताने गेले. विल्फ तडक मर्टलच्या दाराशी गेला. पक्षाच्या निवडून आलेल्या खासदारबाई दर शुक्रवारी ग्रंथालयात गाऱ्हाणी ऐकतात. "मी एकटा बोललो तर कार्यकर्ता बोलतोय म्हणतील. तू येतेस?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "काठी दे ती."

तेव्हापासून शुक्रवारी दोघं माझ्यासमोरून जातात. तिच्या चालीने चालायचं म्हणून तो लवकर निघतो. तलाव अजून बंदच आहे. उघडेल की नाही, मला सांगता येत नाही.

मित्रांनो, ओल्या मातीत माझा बुंधा कुजू लागला आहे, पण माझी काळजी नको. खांब मोडला तर दुसरा कापता येतो. मात्र कुणाच्या दारात उभं राहून शब्द द्याल, तर त्या दाराशी पुन्हा जायची तयारी ठेवा. काम झालं नसेल तेव्हा तर नक्कीच.